रसद तुटलेलं तळं

19 जानेवारी 2018 ला मी उत्तरेत होतो, बर्फाच्या पट्ट्यात. दुपारी बंगळूरहून एका कोर्समेटचा फोटो आला. धुराचे लोट, वाळलेलं गवत आणि ओळीत उभे जवान. खाली एकच वाक्य : "तळं पेटलंय, विझवतोय." मला वाटलं चेष्टा करतोय, त्याला ती सवय आहे. संध्याकाळी टीव्हीवर तेच दिसलं. बेळंदूर तळ्याच्या काठाला आग लागली होती आणि शेजारच्या आर्मी सर्व्हिस कोअरच्या केंद्रातले जवान उतरले होते. बातम्यांत आकडा सुमारे 5,000 चा होता.

एएससी म्हणजे रसदेची कोअर. पीठ, डाळ, तेल, पेट्रोल, खेचरं, गाड्या पुढच्या मोर्चापर्यंत पोचवणारे लोक. दिवसभर त्यांनी तळं विझवलं, याचा मला कोर्समेटइतकाच अभिमान वाटला. मात्र त्या तळ्याचं खरं दुखणं रसदेचंच होतं, हे कळायला मला स्वतःला बंगळूरचं पोस्टिंग मिळावं लागलं.

व्हाइटफील्डला माझं जाणं होतं ते एका निवृत्त सुभेदारांमुळे. साताऱ्याकडचे. माझ्या पहिल्या युनिटमध्ये ते नायक होते आणि मी कोरा लेफ्टनंट. मला शिकवलं त्यांनीच, फक्त शिकवताना "साहेब" म्हणायचे. मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून तेही इथे. आठव्या मजल्यावर घर, आणि गॅलरीतून दक्षिणेला वर्तूरचं तळं. "घर घेताना दलाल लेक व्ह्यू म्हणाला," ते सांगतात. "वास येतो ते नाही बोलला."

व्हाइटफील्ड हे नाव डी. एस. व्हाइट यांचं. 1882 मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयार यांनी अँग्लो-इंडियन लोकांना शेती करून राहण्यासाठी इथे 3,900 एकर जमीन दिली. शेतकऱ्यांची वसाहत म्हणून सुरू झालेलं हे गाव 1990 च्या दशकानंतर आयटीचं शहर झालं. पण आजूबाजूची तळी त्याहून हजार वर्षं जुन्या परंपरेतली आहेत.

बंगळूरला मोठी नदी नाही. शहर डोंगरमाथ्यासारख्या उंचवट्यावर बसलंय आणि पाणी तीन बाजूंच्या खोऱ्यांत उतरतं. म्हणून इथल्या लोकांनी प्रत्येक उतारावर बांध घालून एकाखाली एक तळी केली. कन्नडमध्ये तळ्याला केरे म्हणतात. वरचं केरे भरलं की सांडव्यावरून, म्हणजे त्यांच्या भाषेत कोडीवरून, पाणी खालच्याला. दक्षिण-पूर्वेच्या साखळीत शेवटची दोन सर्वांत मोठी : बेळंदूर सुमारे 900 एकरांचं, आणि त्याच्या खाली वर्तूर, त्याच्या साधारण निम्मं. वर्तूरच्या कोडीवरून पाणी दक्षिण पिनाकिनी नदीला मिळतं आणि तमिळनाडूतून कडलूरजवळ समुद्राला.

बेळंदूरच्या शेजारी आगरा गाव आहे. तिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात इरुगमय्या नावाच्या माणसाने दोन तळ्यांना तूब, म्हणजे पाणी सोडायची मोरी, बसवली आणि तिसरं तळं बांधलं असं नोंदवलंय. त्याबद्दल त्याला बित्तुवट्ट मिळालं. तळं बांधणाऱ्याचा हा वाटा असे. त्याच शतकाच्या अखेरीस बेगूरच्या वीरगळावर 'बंगळूरची लढाई' असा उल्लेख येतो, शहराच्या नावाचा सर्वांत जुन्यांपैकी एक. म्हणजे या गावाची जुनी कागदपत्रं दोनच गोष्टी सांगतात, कोण लढून मेला आणि कोणी पाणी अडवलं. मला दोन्ही आवडतात.

आपल्या लोकांनाही हे पाणी परकं नाही. 1638 मध्ये रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले, केंपेगौडाकडून किल्ला घेतला आणि बंगळूर ही त्यांची जहागीर झाली. जहागिरीचं उत्पन्न म्हणजे सारा, सारा म्हणजे पीक, आणि या मुलखात बागायती पीक म्हणजे केरे. 1687 मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि पुढे चिक्कदेवराय वोडेयारांना तीन लाखांना विकलं. किंमत किल्ल्याची सांगतात; मला वाटतं अर्धी तरी तळ्यांची असावी.

तळ्याचा कारभार नीरगंटीकडे असे. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाटकरी असतो तसा हा माणूस. तूब कधी उघडायची, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे त्याचं काम. बदल्यात धान्याचा वाटा. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. मासे गाव पकडे. काठाच्या पाणगवतावर गुरं चरत.

यातली प्रत्येक गोष्ट तळ्यातून काहीतरी बाहेर काढत होती. हा मुद्दा मला बराच उशिरा उमगला. गाळाबरोबर फॉस्फरस बाहेर जाई, माशांबरोबर नायट्रोजन, गवताबरोबर दोन्ही. माणूस त्या तळ्याच्या अन्नजाळ्यातला सर्वांत वरचा प्राणी होता आणि आपलं खाणं नेमाने खात होता.

अन्नजाळं म्हणजे काय, ते सुभेदारसाहेबांना मी आमच्या भाषेत सांगितलं. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ हे डेपोतलं धान्य. सूर्यप्रकाश आणि खत मिळालं की ते वाढतं. ते धान्य माशांना थेट फारसं पोचत नाही. मधे लागतात मोहरीहूनही बारीक जीव, पाणपिसू आणि तिचे भाऊबंद. ते दिवसरात्र पाणी गाळून शेवाळ खातात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मरळ, मरळीला पाणकावळा, खंड्या किंवा आपण. शिवाय मेलेलं सगळं तळाशी जातं, तिथले किडे-अळ्या आणि जिवाणू त्याचं परत खत करतात. पण या सगळ्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. बऱ्याच माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी हवा.

"म्हणजे पाणपिसू ही खेचरं," सुभेदार म्हणाले.

बरोबर. आणि याच मुलखात याचा एक धडा घडलेला आहे. 21 मार्च 1791 ला कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला टिपूकडून घेतला आणि तो श्रीरंगपट्टणावर निघाला. तिथे पोचेपर्यंत त्याचे बैल चाऱ्यावाचून मेले. फौज लढाई जिंकत होती, तोफा शाबूत होत्या, दारूगोळा होता. ओढायला बैल नव्हते. मे अखेरीस त्याला वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी करून मागे फिरावं लागलं. उपाशी फौज परतताना मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचं मराठा सैन्य भेटलं. त्यांच्या बाजारात धान्य होतं, भाव चढे होते, पण होतं. त्या बाजाराने इंग्रज फौज वाचवली. आमच्या पुस्तकांत ही मोहीम डावपेचांसाठी शिकवतात. मी ती बैलांसाठी लक्षात ठेवली.

बेळंदूर-वर्तूरचंही असंच झालं. पाणी संपलं नाही, उलट पाणी इतकं कधीच नव्हतं. मधली खेचरं मेली.

त्याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली, म्हणून ती गोष्ट नीट सांगायला हवी. वाढत्या शहराला केरेंचं पाणी पुरेना, तेव्हा 1896 मध्ये हेसरघट्टाहून नळाचं पाणी आलं, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून, आणि 1974 मध्ये कावेरीहून. कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटर लांबून, जवळपास अर्धा किलोमीटर उंच पंपांनी चढवून आणतात. इंजिनिअरांना सलाम करावा असंच काम आहे. पण नळ आला त्या दिवशी तळ्याची गरज संपली. नीरगंटीला कोणी धान्य देईना. शहरातल्या तळ्यांवर आधी बांधकाम चढलं : धर्मांबुधीवर मॅजेस्टिकचं बसस्थानक, संपंगीवर कंठीरव स्टेडियम, चल्लघट्टावर गोल्फचं मैदान. बेळंदूर आणि वर्तूर इतकी मोठी होती की बुजवता येईनात. त्यांना दुसरं काम मिळालं.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. शहराच्या सांडपाण्याचा सुमारे 40 टक्के भाग बेळंदूरच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे आज त्या तळ्यात जे आहे ती पुष्कळशी कावेरीच आहे, एकदा वापरलेली. ती आता पिनाकिनीतून समुद्राला जाते, आपल्या मूळ खोऱ्यात परततच नाही. दोन राज्यं जिच्या एकेका टीएमसीसाठी कोर्टात भांडली, ती नदी व्हाइटफील्डच्या खालून दुसऱ्या नावाने निघून जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला आणखी 775 दशलक्ष लिटर, प्रामुख्याने शहरात नव्याने आलेल्या 110 गावांसाठी. त्यांच्या सांडपाण्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सांडपाणी म्हणजे विष असा आपला समज असतो. तळ्याच्या दृष्टीने ते आधी खत आहे, आणि संकट तिथेच आहे. मैल्यातून आणि साबणाच्या पावडरीतून फॉस्फरस येतो. शेवाळ माजतं. वर जलपर्णी पसरते. ती दक्षिण अमेरिकेची, तिला इथे खाणारं जवळजवळ कोणी नाही. तिच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही. मेलेली जलपर्णी आणि मैला तळाशी कुजतो, कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. रात्री शेवाळसुद्धा प्राणवायू घेतं, त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची. मासे बहुधा तेव्हा मरतात आणि फिरायला आलेल्या लोकांना सकाळी दिसतात. मार्च 2016 मध्ये अलसूरच्या तळ्यात हजारो मासे असेच पांढरे पोट वर करून तरंगले होते. प्राणवायू संपला की उरतात ते त्यावाचून जगणारे जिवाणू, आणि ते मिथेन सोडतात.

फेसाचं कारण निराळं. साबणातलं फेस करणारं द्रव्य निरोगी पाण्यातले जिवाणू बऱ्याच अंशी फोडून टाकतात. इथे ते काम अर्धवट राहतं, आणि कोडीवरून पाणी आपटलं की घुसळण होऊन फेस रस्त्यावर येतो. मे 2015 मध्ये तो फेस पेटल्याच्या बातम्या देशभर गेल्या. 2017 च्या फेब्रुवारीत पुन्हा आग, मग 2018 ची, आमच्या लोकांनी विझवलेली. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकारला 50 कोटी आणि महापालिकेला 25 कोटींचा दंड केला आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2020 पासून दोन्ही तळ्यांचं पाणी वळवून गाळ काढण्याचं काम सुरू झालं. नीरगंटीच्या काळात बैलगाड्या दरवर्षी जे नेत होत्या, त्याची अनेक वर्षांची थकबाकी आता पोकलेनने उपसायची.

पहिल्यांदा कोडीवर गेलो तेव्हा मी एक मोठी चूक केली. उथळ पाण्यात शेकाट्यांचा थवा होता, लांब गुलाबी पायांचे, शंभरएक तरी असतील. वर घारी. मी खूष होऊन सुभेदारांना म्हणालो, पक्षी आहेत म्हणजे तळं जिवंत आहे. नंतर वाचलं, विचारलं, आणि जीभ चावली. सांडपाण्याच्या चिखलात एका माशीच्या लालभडक अळ्या वाढतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून जेमतेम प्राणवायूतही त्या तगतात. शेकाट्यांना ती मेजवानी. मैला, अळी, शेकाट्या : तीन कड्यांची साखळी, संपली. पूर्वीच्या तळ्यात टिबुकली, वारकरी, खंड्या, पाणकावळा प्रत्येकाचा वेगळा पुरवठा होता. पक्षी मोजायचे तर संख्या मोजू नयेत, जाती मोजाव्यात. रणांगणावर माणसं किती दिसतात यावरून बटालियन शाबूत आहे का ते ठरवत नाहीत. कोणकोणत्या कामाची माणसं उरलीत ते बघतात.

माशांचंही तेच. बिघडलेल्या पाण्यात दोन पाहुणे टिकतात, चिलापी आणि आफ्रिकी मांगूर. मांगूर हवेतूनही श्वास घेतो, आणि समोर येईल तो मासा खातो. आपल्या देशात त्याच्या पालनावर बंदी आहे तरी तो सगळीकडे आहे. मासेमारी चालू दिसते, जाळी भरतात. जाळ्यात काय आहे ते कोणी विचारत नाही.

अशी तळी परत येतात का? अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर 1960 च्या दशकात वर्तमानपत्रांनी मृत घोषित केलं होतं. 22 जून 1969 ला त्याला मिळणारी कायाहोगा नदी पेटली, बेळंदूरच्या आधी जवळजवळ अर्धं शतक. दोष कोणाचा यावर साबण कंपन्या आणि शास्त्रज्ञ भांडत होते. 1973 मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एक प्रयोग केला, जो कोणत्याही जवानाला समजेल. एका छोट्या तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस फक्त एका बाजूला. विमानातून काढलेल्या फोटोत एक बाजू काळी स्वच्छ आणि दुसरी हिरवीगार. वाद त्या फोटोने जवळपास संपवला. त्याआधीच, 1972 मध्ये, दोन्ही देशांनी करार केला होता. पुढे ईरीत जाणाऱ्या फॉस्फरसची वार्षिक मर्यादा 11,000 टनांवर आणायचं ठरलं, आणि एका दशकात पाणी निवळून मासेमारी परतली.

मग 1980 च्या दशकाच्या शेवटी जहाजांच्या पाण्यातून परदेशी शिंपले आले, शेतांतून फॉस्फरसचा लोंढा वाढला, आणि ऑगस्ट 2014 मध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडो शहरातल्या लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. तळं एकदा जिंकून परेडला उभं करता येत नाही. चौकी धरून बसावं लागतं, म्हणजे नीरगंटी.

बंगळूरमध्येही अशी धरून ठेवलेली चौकी आहे. सर्जापूर रस्त्यावरचं कैकोंड्रहळ्ळी केरे, पन्नास एकरांच्या आतलं, आजूबाजूच्या लोकांनी महापालिकेच्या मागे लागून पुन्हा उभं केलं. बेळंदूरपुढे ते खेळणं आहे, पण तिथे फिरायला येणारी माणसं पाण्याचा रंग बदलला की आरडाओरडा करतात.

हे लिहिताना मला माझंच पाणी आठवतं. खडकवासल्याच्या तळ्यावर, पीकॉक बेमध्ये, मी वल्हवायला शिकलो. तीन वर्षांत ते किती प्यालो याचा हिशेब नाही. कर्नल फाइफ या इंग्रज इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात बांधलेलं ते धरण, पुण्याचा नळ. तो नळ वापरून झाल्यावर मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला. ॲकॅडमीत असताना रविवारी आम्ही पुण्यात जायचो, उजनी कुठे आहे हे मला माहीतही नव्हतं. पुढे सोलापूरला जाताना भिगवणला थांबून चिलापी खाल्ली, ताजी, तिखट, उत्तम. तेव्हा विचारायला हवं होतं की इथे पूर्वी कोणता मासा मिळायचा. धाबेवाला म्हातारा होता, त्याला नक्की ठाऊक असणार.

गेल्या महिन्यात सुभेदार आणि मी पहाटे निघालो, लोणच्याच्या दोन धुतलेल्या बरण्या घेऊन. एक भरली वर्तूरकडे येणाऱ्या नाल्याच्या कडेला, दुसरी कैकोंड्रहळ्ळीला. घरी आणून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवल्या. पहिलीच्या तळाशी चिमूटभर काळा गाळ बसला आणि त्यात दोन लाल अळ्या वळवळत होत्या. दुसरीत आधी काहीच दिसेना. सुभेदारांनी नातवाचं भिंग आणलं. बराच वेळ डोळा लावून बसले.

"साहेब," ते म्हणाले, "उड्या मारतंय काहीतरी."

मी पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, झटके देत वर चढणारे, मग जरा सावकाश खाली. सहा मोजले, सातवा बहुधा धूळ असावी. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या आणि ही लोणच्याची बरणी कोणी घेतली म्हणून विचारू लागल्या.